एल्फिन्स्टन ते चॅप्लिन : कलकत्त्याच्या एका चित्रगृहाची कथा

कलकत्त्यास जाणाऱ्या मराठी प्रवाशाचा क्रम बहुधा ठरलेला असतो. दक्षिणेश्वर, बेलूर मठ, व्हिक्टोरिया स्मारक, जोडासांकोची ठाकूरबाडी, आणि अखेरच्या संध्याकाळी घरच्या मंडळींसाठी साडी घ्यावयास न्यू मार्केट. या न्यू मार्केटच्या आसपास, चौरंगीचा रुंद रस्ता आणि महानगरपालिकेची लाल विटांची कचेरी यांच्यामध्ये काही आखूड गल्ल्या आहेत. चौरंगी प्लेस ही त्यांपैकी एक. तिच्यात पाहण्याजोगे काही आहे असे कोणतीही प्रवासदर्शिका सांगत नाही, आणि आता सांगण्यासारखे तेथे फारसे उरलेलेही नाही. परंतु ५/१, चौरंगी प्लेस या पत्त्यावर १०० वर्षांहून अधिक काळ एक चित्रगृह उभे होते. भारतातील कायम स्वरूपाच्या अगदी पहिल्या चित्रगृहांत त्याची गणना होते. पुष्कळजण तर ते पहिलेच मानतात. १९०७ साली ते 'एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेस' या नावाने सुरू झाले, पुढे 'मिनर्व्हा' झाले, शेवटी 'चॅप्लिन' झाले, आणि २०१३ साली ते पाडून टाकण्यात आले.

२००१ सालापासून या नगरीचे अधिकृत नाव कोलकाता आहे, हे आम्ही जाणतो. पण ज्या काळाविषयी लिहावयाचे तो काळ कलकत्त्याचा होता. म्हणून या लेखापुरते जुनेच नाव ठेवीत आहोत.

चित्रपटाचे जन्मस्थान म्हणून आपण मराठी माणसे मुंबईकडे बोट दाखवितो, आणि ते योग्यच आहे. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रे दाखविली गेली आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. परंतु चित्र दाखविण्याचा व्यवसाय, म्हणजे ज्याला घर लागते, तिकीटखिडकी लागते, रोजचे खेळ आणि रोजचा हिशेब लागतो, तो व्यवसाय म्हणून कसा करावा हे देशाला बऱ्याच अंशी कलकत्त्याने शिकविले. आणि गमतीची गोष्ट अशी, की शिकविणारा गृहस्थ मूळचा मुंबईचाच होता.

त्याच्याकडे वळण्यापूर्वी थोडे मागे जावयास हवे. १८९८ च्या सुमारास हातीबागानातील स्टार थिएटरात नाटकाच्या जोडीने चालती चित्रे दाखविली जाऊ लागली. ती पाहून हीरालाल सेन या तरुणाला अक्षरशः वेड लागले. त्याने भावाच्या साहाय्याने रॉयल बायस्कोप कंपनी काढली, क्लासिक थिएटरात चालणाऱ्या नाटकांतील प्रवेश चित्रित केले आणि ते गावोगाव, जमीनदारांच्या वाड्यांतून दाखविले. १९१७ साली लागलेल्या आगीत त्याची सारी चित्रे जळाली, आणि त्याच वर्षी तोही गेला. आज त्याचे एकही चित्र पाहावयास मिळत नाही. कलकत्त्याच्या चित्रपटाचा इतिहास असा आगीने आणि विस्मृतीने सुरू होतो.

त्या काळी बायस्कोप म्हणजे फिरस्त्यांचा धंदा होता. तंबू ठोकावा, दिवा पेटवावा, चार दिवस खेळ करावेत आणि पुढच्या गावास जावे. पाऊस आला की तंबू गुंडाळावा लागे. दिवा म्हणजे बहुधा चुनकळीच्या गोळ्यावर ज्योत सोडून केलेला प्रखर उजेड. तो धोक्याचा, आणि मध्येच मंदावणारा. फिल्म ज्या द्रव्याची असे ते तर बंदुकीच्या दारूचे भावंडच. एक ठिणगी पुरे. १८९७ साली पॅरिसमधील एका धर्मादाय बाजारात बायस्कोपच्या दिव्यापायी भडकलेल्या आगीत १०० हून अधिक माणसे होरपळून मेली होती. कायमचे, विटामातीचे चित्रगृह उभे राहावयाचे तर आधी वीज हवी आणि रात्री उशिरा घरी परतता येईल अशी वाहने हवीत. कलकत्त्याला या दोन्ही गोष्टी लागोपाठ लाभल्या. १८९९ साली एमामबाग गल्लीतील वीजघर सुरू झाले आणि १९०२ साली एस्प्लनेडहून विजेची ट्राम धावू लागली. चौरंगी प्लेसपासून ते वीजघर फार लांब नव्हते आणि ट्रामचा थांबा तर हाकेवर होता. पहिले चित्रगृह याच गल्लीत का निघाले, याचे उत्तर एवढ्यात मिळते.

ज्या १९०२ साली विजेची ट्राम आली त्याच साली जमशेदजी फ्रामजी मदन या पारशी गृहस्थांनी मैदानावर बायस्कोपचा तंबू उभारला. जमशेदजींचा जन्म १८५६ चा, मुंबईचा. मुलगा लहान वयातच नाटकमंडळीत शिरला. ही मंडळी म्हणजे एल्फिन्स्टन नाटक मंडळी. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातील विद्यार्थ्यांच्या नाट्यवेडातून ती जन्मास आली आणि कॉलेजाचे नाव तिला चिकटले. कॉलेजाला ते मिळाले होते मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्यावरून. पेशवाई बुडाल्यावर जे मराठी मुलखाचे धनी झाले तेच हे साहेब. पुढे जमशेदजी कलकत्त्यास गेले, तेथे व्यापारात त्यांनी पैसा मिळविला, कोरिन्थियन ही रंगभूमी विकत घेतली, आणि ज्या नाटकमंडळीत लहानपणी पडेल ते काम केले तिचेच ते मालक झाले. १९०७ साली चौरंगी प्लेसमध्ये चित्रगृह काढले तेव्हा त्याला त्यांनी तेच जुने नाव दिले. शनिवारवाड्यावरील जरीपटका उतरला त्या काळच्या एका इंग्रजाचे नाव पारशी नाटकवाल्याच्या सामानातून प्रवास करीत बंगालमध्ये जाते आणि सिनेमाच्या दारावर चढते. इतिहासाला असल्या खोड्या करण्याची सवयच आहे.

मूकपटांच्या त्या दिवसांत चित्रगृह मुळीच मुके नसे. पडद्याखाली वाद्ये असत. गोऱ्या लोकांच्या चित्रगृहांत पियानो, देशी वस्तीत हार्मोनियम आणि तबला. पळापळीचा प्रसंग आला की वादकाची बोटेही पळत. सत्यजित राय यांनी आपल्या बालपणीच्या आठवणींत या भागातील चित्रगृहांविषयी आणि मूकपटांच्या संगतीला वाजणाऱ्या वाद्यांविषयी मोठ्या जिव्हाळ्याने लिहिले आहे. चित्रांवरील मजकूर इंग्रजीत असला की एखादा इंग्रजी जाणणारा प्रेक्षक तो मोठ्याने उलगडून सांगे आणि शेजारचे चारजण कान देऊन ऐकत. यंत्र हाताने फिरवावे लागे, त्यामुळे चित्रातील माणसे जलद चालणार की सावकाश, हे ऑपरेटरच्या मनगटावर अवलंबून असे. शेवटच्या खेळाला तो दमला म्हणजे नायकही दमल्यासारखा दिसे, अशी थट्टा जुनी माणसे करीत. १९१८ साली सिनेमाचा कायदा झाला आणि चित्रगृहाला परवाना, यंत्राच्या खोलीला आगीपासून संरक्षण, चित्रांना तपासणी अशी बंधने आली. बायस्कोप या नावामागचा तंबूचा वास त्यानंतर हळूहळू गेला.

जुने बंगाली लोक सिनेमाला 'बोई' म्हणत, म्हणजे पुस्तक. 'बोई पाहावयास चाललो' असे म्हटले की कोणी गोंधळात पडत नसे. आपण मराठीत नाटक 'बघतो' आणि पुस्तक 'वाचतो'. बंगाल्यांनी पुस्तकच पाहिले. त्यांच्या पुष्कळशा चित्रपटांना कथा-कादंबऱ्यांचा आधार होता, हे त्याचे एक कारण असावे. पण आम्हांस वाटते, त्या शब्दात आदरही होता. जी गोष्ट इतरत्र तमाशा समजली जात होती तिला येथे ग्रंथाच्या पंक्तीस बसविले गेले.

एल्फिन्स्टनच्या पायावर मदन यांनी जे साम्राज्य उभारले ते आज खरे वाटणार नाही. १९१७ साली त्यांनी 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र' काढला. विषय फाळक्यांचाच, आणि नवल असे, की पदरी पक्के चित्रगृह असूनही हा चित्रपट मैदानावरील तंबूतच प्रथम दाखविला गेला. १९१९ साली 'बिल्वमंगल' आला आणि त्याच वर्षी धंद्याची रीतसर मर्यादित कंपनी झाली. १९२३ साली जमशेदजी वारले आणि कारभार पुत्राकडे गेला. १९३० च्या सुमारास मदन मंडळीच्या हाती हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिंहल येथील मिळून १०० हून अधिक चित्रगृहे होती. सरकारने १९२७ साली सिनेमाच्या धंद्याची चौकशी करण्यास समिती नेमली तेव्हा या एका पेढीच्या मक्तेदारीविषयी कितीतरी तक्रारी पुढे आल्या. एखाद्या उद्योगाविरुद्ध देशभर कुरकुर होणे हीदेखील त्याच्या भरभराटीची मोठी पावतीच असते.

या घराच्या आयुष्यातील सर्वांत मोठी घटना १९२९ साली घडली. 'मेलडी ऑफ लव्ह' हा अमेरिकन बोलपट येथे लागला. भारतात दाखविलेला हा पहिला बोलपट. पडद्यावरील माणसाचे ओठ हलतात आणि त्याच क्षणी शब्द ऐकू येतात, हा चमत्कार आपल्या देशातील प्रेक्षकाने प्रथम अनुभवला तो या गल्लीत. भाषा परकी, सूर परके; तरी त्या संध्याकाळी घरी परतलेल्यांना मूकपट यापुढे अपुरेच वाटले असतील. त्याच संध्याकाळी पडद्याखाली वाद्ये वाजविणाऱ्यांची रोजीरोटी उणावली, हेही खरे. वादकांचा हा सबंध वर्ग पुढच्या पाचसहा वर्षांत चित्रगृहांतून नाहीसा झाला. त्यांतले काही नव्या स्टुडिओंच्या वाद्यवृंदांत शिरले. बाकीच्यांची इतिहासाने नोंद ठेवली नाही.

बोलपट प्रथम दाखविण्याचा मान मदन यांच्या घराला मिळाला, पण पहिला भारतीय बोलपट काढण्याची शर्यत मात्र ते हरले. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये अर्देशिर इराणी यांचा 'आलम आरा' लागला. मदन यांचा 'शिरीं फरहाद' थोडा मागाहून आला. १९३२ च्या त्यांच्या 'इंद्रसभे'त सुमारे ७० गाणी होती म्हणतात. जणू हरलेली बाजी गाण्यांच्या संख्येने भरून काढावयाची होती. बोलपटाची यंत्रसामग्री शंभर घरांत बसविणे हा खर्च प्रचंड, आणि तेवढ्यात जगभर मंदीचा फेरा. काही वर्षांतच साम्राज्य विस्कटले, घरे एकेक करून विकली गेली. एल्फिन्स्टनही परक्या हाती गेले आणि 'मिनर्व्हा' झाले.

मिनर्व्हाच्या आसपास तोवर नवे शेजार आले होते. चौरंगीवर १९३५ साली मेट्रो उघडले, तेही हॉलिवुडातील मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीच्या ऐश्वर्यासह. जवळच लाइटहाउस झाले. त्याचा आराखडा विलेम डुडॉक या नामांकित डच वास्तुविशारदाचा. ग्लोब, न्यू एम्पायर, एलिट, रिगल, टायगर अशी नावे वाचीत संध्याकाळी या भागातून फिरणे म्हणजेच एक करमणूक होती. चौरंगी प्लेसमध्येच रॉक्सी होते. १९४३ साली बॉम्बे टॉकीजचा 'किस्मत' तेथे लागला आणि तीन वर्षांहून अधिक काळ उतरलाच नाही. त्याच १९४३ साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. खेड्यांतून आलेली माणसे कलकत्त्याच्या पदपथांवर भाताच्या पेजेसाठी हात पसरीत होती, आणि चौरंगीच्या चित्रगृहांपुढे गोऱ्या सैनिकांच्या व शहरी लोकांच्या रांगा लागत होत्या. ही दोन दृश्ये एकाच शहराची. त्या काळच्या चित्रगृहांच्या आठवणी सांगताना पहिले दृश्य गाळून चालणार नाही. 'किस्मत'चा तो विक्रम पुढे 'शोले'ने मोडला. 'शोले' मुंबईत पाच वर्षे चालला त्या चित्रगृहाचे नावही मिनर्व्हाच, आणि लॅमिंग्टन रस्त्यावरील ते मिनर्व्हाही आता उरलेले नाही.

चौरंगीची ही घरे मुख्यतः साहेबी थाटाची. बंगाली कुटुंब आपला 'बोई' पाहावयास उत्तर कलकत्त्यात, कॉर्नवॉलिस रस्त्याकडे जाई. तेथील 'चित्रा'चे उद्घाटन १९३० साली सुभाषबाबूंच्या हस्ते झाले. 'रूपबाणी'ला तर नाव रवींद्रनाथांनी दिले. ज्या शहरात चित्रगृहाचे बारसे महाकवी करतो त्या शहराविषयी काय बोलावे! चित्रा पुढे मित्रा झाले आणि २०१९ साली बंद पडले. रूपबाणीही राहिले नाही.

न्यू मार्केटच्या मागील बाजूस चहाच्या एका टपरीवर आम्हांस एक वृद्ध गृहस्थ भेटले. याच भागातील एका चित्रगृहात त्यांनी डोअरकीपरचे काम आयुष्यभर केले होते. आम्ही महाराष्ट्रातून आलो आणि जुन्या सिनेमांची चौकशी करीत आहो, हे कळताच त्यांनी बाकावर सरकून जागा दिली. आम्ही त्यांस 'दादा' म्हटले आणि तेही आम्हांस 'दादा'च म्हणत होते. हा शब्द दोन्ही भाषांत एकच असल्यामुळे ओळख लवकर पटली.

"दादा, अंधार झाला म्हणजे आमचे राज्य," ते म्हणाले. "दिवे गेल्यावर मोठमोठे बाबू आमच्या विजेरीच्या उजेडामागून चाचपडत येत. विजेरी वर करावयाची नाही, हा पहिला धडा. उजेड पायांवर हवा, तोंडावर नको. कोण कोणासंगती बसले आहे हे पाहणे आमचे काम नव्हे."

"एखादे चित्र किती वेळा पाहिले असेल आपण?"

"पाहिले कोठे? ऐकले! आमची पाठ पडद्याकडे आणि तोंड माणसांकडे. कोणत्या शब्दाला लोक हसणार, कोठे बायका पदर डोळ्यांस लावणार, हे आम्हांस ठाऊक असे. शेवट काय होतो ते मात्र पुष्कळदा ठाऊक नसे. कारण शेवटाच्या आधीच दारे उघडावयास जावे लागे."

मग त्यांनी यंत्राच्या खोलीविषयी सांगितले. तेथे दोन यंत्रे शेजारी शेजारी असत. एका यंत्रावरील रीळ संपत आले की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका क्षणभर चमके. प्रेक्षकांना तो दिसत नसे. ऑपरेटर मात्र त्याची वाटच पाहत असे. पहिल्या ठिपक्यास दुसरे यंत्र सुरू, दुसऱ्या ठिपक्यास पडदा त्याच्याकडे. कोळशाच्या कांड्यांमधील ठिणगीच्या उजेडावर सारे चित्र चाले आणि त्या कांड्या जळत जातील तशा सतत जवळ सरकवीत राहावे लागे. उन्हाळ्यात त्या खोलीत उभे राहणे म्हणजे भट्टीपुढे उभे राहणे. बंगालचा लाडका नट उत्तमकुमार याचे वडील मेट्रोत याच कामावर होते, हे सांगताना वृद्धांच्या आवाजात अभिमान आला. 'आमच्यांपैकी एकाचा मुलगा' असेच ते म्हणाले.

चॅप्लिन पाडले तेव्हा आपण तेथे होता काय, असे विचारताच त्यांनी मान हलविली. "जाऊन काय पाहावयाचे होते, दादा? भिंत पडताना सगळ्याच घरांची सारखीच दिसते."

मिनर्व्हाचे चॅप्लिन कसे झाले हे सांगावयाचे राहिले. १९८० नंतरच्या दशकात जीर्ण झालेले हे घर कलकत्ता महानगरपालिकेने आपल्याकडे घेतले, त्याची डागडुजी केली आणि चार्ली चॅप्लिनचे नाव त्याला दिले. १९०७ साली हे घर उघडले तेव्हा चॅप्लिन अवघा अठरा वर्षांचा होता आणि कॅमेऱ्यापुढे उभे राहण्यास त्याला आणखी सात वर्षे अवकाश होता. म्हणजे घर नावापेक्षा वडील. एखाद्या नगरपालिकेने सिनेमागृह चालविण्यास घ्यावे आणि त्याला विदूषकांच्या राजाचे नाव द्यावे, ही कल्पना कलकत्त्यासच सुचावी. दुर्दैवाने काळ प्रतिकूल होता. १९७५ साली कलकत्त्यात दूरदर्शन आले होते, पाठोपाठ रंगीत संच आणि व्हिडिओ आले, घरोघरी सिनेमा पोचला. नव्या शतकाच्या आरंभी बहुपडदा चित्रगृहे आली. वातानुकूलित, लहान, झगझगीत. एकच पडदा आणि शेकडो खुर्च्या असलेले घर चार खेळांपैकी तीन रिकामे चालवून टिकणार कसे? दरम्यान खालच्या जमिनीची किंमत मात्र दरवर्षी चढत होती. चॅप्लिनमधील खेळ बंद पडले, कित्येक वर्षे ते कुलपात राहिले, आणि अखेर महानगरपालिकेनेच ते पाडले.

ते पाडले गेले ते वर्ष २०१३. याच वर्षी 'राजा हरिश्चंद्र'ची शंभरी सर्व देश साजरी करीत होता. व्याख्याने होत होती, स्मरणिका निघत होत्या, जुन्या नटनट्यांचे सत्कार होत होते. आणि पालिकेच्या मुख्य कचेरीपासून हाकेच्या अंतरावर देशातील अगदी पहिल्या चित्रगृहांपैकी एकाचे छप्पर उतरविले जात होते.

महानगरपालिकेची बाजू आम्ही समजू शकतो. ज्या शहरात गटारे, पाणी आणि झोपड्या यांचेच प्रश्न संपत नाहीत, तेथे बंद पडलेल्या सिनेमाचे ओझे किती वर्षे वाहावयाचे? मूळच्या १९०७ च्या वास्तूतले फेरफार होऊन होऊन काय शिल्लक उरले होते, असाही प्रश्न विचारता येईल. परंतु याच महानगरपालिकेने दुसऱ्या एका वास्तूच्या बाबतीत वेगळे वर्तन केले आहे. हातीबागानचे स्टार थिएटर १९९१ साली आगीत भस्मसात झाले. ते तर राखच झाले होते. पाडण्याचेही कष्ट उरले नव्हते. तरी पालिकेने ते पुन्हा बांधले, जुना दर्शनी भाग पूर्वीसारखा उभा केला, आणि २००४ साली ते लोकांसाठी खुले झाले. आत सिनेमाही चालू लागला. स्टारला गिरीशचंद्र घोषांची पुण्याई होती, नाटकाची प्रतिष्ठा होती. चौरंगी प्लेसच्या घरामागे होता तो फक्त एक पारशी दुकानदार आणि चार आण्यांचा प्रेक्षक. नाटकाला जी मान्यता आपण सहज देतो ती सिनेमाच्या घराला देताना आपला हात आखडतो, असे आम्हांस वाटते. मद्रासचे उदाहरण त्याहून बोलके आहे. माउंट रोडवरील जुने इलेक्ट्रिक थिएटर बंद पडल्यावर ती वास्तू टपाल खात्याकडे गेली आणि तेथे टपालतिकिटांच्या संग्राहकांसाठी कार्यालय झाले. खेळ थांबला, पण भिंती राहिल्या. येथे पूर्वी सिनेमा होता असे मुलांना बोट दाखवून सांगता येते. चॅप्लिनचे असे काही करणे अशक्य होते, हे आम्हांस पटत नाही. निदान समोरची भिंत आणि एक शिळा, एवढे तरी साधले असते. मेट्रोचा दर्शनी भाग राखून आत नवी रचना झालीच ना!

मुंबईकराने मात्र कलकत्त्याला नावे ठेवण्याची घाई करू नये. 'राजा हरिश्चंद्र' जेथे लागला ते कॉरोनेशन केव्हाच गेले. 'आलम आरा' जेथे बोलला त्या मॅजेस्टिकच्या जागी दुकानांची इमारत आहे. त्या चित्रगृहाच्या शेजाराने केशवराव कोठावळे यांचे पुस्तकांचे दुकान वाढले आणि त्याने नावही तेच घेतले. म्हणून मराठी वाचकाच्या तोंडी 'मॅजेस्टिक' हा शब्द अजून आहे. सिनेमाचे नाव पुस्तकांनी जिवंत ठेवले! सिनेमालाच पुस्तक म्हणणाऱ्या बंगाल्यांना ही हकीकत सांगितली असता ते फार खूश झाले.

'आलम आरा'ची एकही प्रत आज कोठे शिल्लक नाही. मदन यांच्या 'बिल्वमंगल'चे दैव थोडे बरे. त्याचाही ठावठिकाणा कित्येक वर्षे नव्हता. परंतु त्याचा काही भाग पॅरिसच्या फ्रेंच चित्रपटसंग्रहात सुरक्षित होता आणि २०१६ साली तो पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयास मिळाला. सुमारे अर्ध्या तासाचे चित्र आहे ते. १९१९ साली कलकत्त्यात जन्मलेला हा मूकपट सातासमुद्रांपलीकडे जाऊन आता प्रभात रस्त्याच्या परिसरात विसावला आहे. मदन ज्या मुलखातून निघाले होते त्याच मुलखात, थोडे घाटावर.

चौरंगी प्लेसहून पाच-दहा मिनिटे उत्तरेस चालत गेले की चांदणी चौकाच्या बाजारालगत मदन स्ट्रीट लागतो. नाव जमशेदजींचेच. दोन्ही बाजूंस विजेच्या सामानाची, तारांची, पंख्यांची, बटणांची दुकाने. हातगाड्या, हमाल, गोंगाट. एका दुकानदारास आम्ही विचारले, हे मदन कोण? त्याने तराजूसारखा हात हलविला आणि म्हणाला, "कोणी जुने जमीनदार असतील, दादा." मग शेजारच्या दुकानातील जरा वडील माणसाने वर्तमानपत्रातून डोके काढून दुरुस्ती केली : "जमीनदार नव्हे रे. बायस्कोपवाले." आणि आम्हांस किती वॅटचा दिवा हवा आहे, असे त्याने विचारले.